ताणा आपोआप सरळ होतो

सोमवार, ६ ऑक्टोबर. सकाळी ७.
बायकोने, हिल्काने, मनगट मोडून घेतलं. सायकलवरून पडली, तेही घरच्याच फाटकात. आणि शाळेच्या तळघरातल्या मागावर तिचा आठवडा नेमका आजपासून. मागावर एकच लांबलचक ताणा, म्हणजे उभे धागे, चढवतात आणि गावातल्या बायका त्यावर ओळीने, एकेक आठवडा, आपापली चिंध्यांची सतरंजी विणतात. हिल्का शेवटची. शनिवारी सगळा पट्टा कापणार. आठवडा हुकला तर पुढचा ताणा थेट वसंतात. सतरंजी सान्नाच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, नव्या घरासाठी आहे. तीन वर्षं हिल्का जुन्या चादरी आणि माझे शर्ट फाडून पट्ट्यांचे गोळे करतेय. गोळ्यांवर विणायच्या क्रमाने नंबरही घातलेत. ती रडली. मी विणतो म्हणालो, तर आणखी रडली. आनंदाने.

ओउलूपर्यंतचा हायवे मी आखला. चिंध्या सरळ बसवायला कितीशी अक्कल लागते?

दुपारी २.
तळघराची किल्ली राइलीकडे असते, मागाची देखरेख तिचीच. चष्मा दोरीने गळ्यात, आणि प्रत्येक वाक्यानंतर "कळलं का?". म्हणाली, पट्टी ओढून घेऊ नकोस, कमान करून सैल टाक, नाहीतर सतरंजी कमरेत आत जाते. या बायकांना कशातही कंबर दिसते. मी घट्ट विणणार. सैल काम टिकत नाही.

प्लॅन: रोज साठ सेंटिमीटर. शुक्रवारी तीन मीटर पूर्ण.

संध्याकाळ.
पंचेचाळीस झाले. रुंदी सत्तरवरून चौसष्टवर आली. किंचित. तळघरातला दिवा भिकार आहे. साडेतीनला घरी आलो तर हिल्का राइलीकडे कॉफीला निघालेली. सात वाजता उगवली.

मंगळवार, ७ ऑक्टोबर.
आश्चर्य. कालच्या कडा आज सरळ. टेप लावला: सत्तर. पुन्हा लावला: सत्तर. म्हणजे ताणा रात्रीतून आपोआप सरळ होतो. शेकडो वर्षं विणतायत, पण एकीच्या लक्षात आलं नाही, कारण मोजायची सवयच नाही. राइलीला सिद्धान्त समजावला. ती खिडकीकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसत राहिली. तिच्या डोक्यावरून गेलं असणार.

बुधवार, ८ ऑक्टोबर.
सिद्धान्त पुन्हा खरा ठरला. काल बासष्ट, आज सत्तर.

नंबरांच्या नादी लागलो नाही. निळे गोळे सोमवारीच एकदम संपवले असं मला वाटत होतं, पण आज बघतो तर वीतवीतभर अंतराने निळी रेघ. मी एवढ्या वेगाने विणतो की रंग लक्षात राहत नाहीत.

हिल्का आजही कॉफीला. स्वेटरभर चिंध्यांचे तंतू घेऊन आली. राइलीच्या घरात झाडू आहे की नाही देव जाणे. आणि ही बाई मला कडा शिकवते.

गुरुवार, ९ ऑक्टोबर.
वाटाण्याचं सूप एकट्याने गरम केलं, एकट्याने खाल्लं. पाठ दुखते. हिल्काची बोटंही सुजलीत, चांगल्या हाताची. विचारलं तर म्हणाली, कप जड असतात.

शुक्रवार, १० ऑक्टोबर.
उशिरा सुरू केलं, कारण सकाळी विणकर संघाला सिद्धान्ताचं पत्र लिहिलं. साडेतीनला हिल्का आणि राइली दारात हजर. घरी कधी जातोयस? मी म्हणालो, आज संपवूनच उठणार. हिल्काने पुन्हा विचारलं. दोघी कोट घालून उभ्याच राहिल्या. सात वाजता शेवटची पट्टी ठोकली. टोकाला पंचावन्न भरलं, पण सकाळपर्यंत सत्तर होईल, हे मी दोघींना नीट समजावलं. राइलीने दिवा घालवला.

शनिवार, ११ ऑक्टोबर.
सगळ्या बायका जमल्या. सान्नाही आली. गुंडाळी उलटी सुटते, त्यामुळे आमचीच सतरंजी आधी बाहेर आली, आणि तिचं शेवटचं टोक सगळ्यात आधी. पंचावन्न. रात्रीतून काही झालं नव्हतं. त्यामागून अडीच मीटर सत्तरच्या सत्तर, निळ्या रेघा मोजून मारल्यासारख्या.

कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर मी भांडलो असतो.

सान्नाने विचारलं, "बाबा, यातलं तुम्ही विणलेलं कुठलं?"

मी हिल्काकडे बघितलं. तिची बोटं अजून सुजलेलीच होती.

ती म्हणाली, "ते शेवटचं हातभर. तेवढं उसवायला वेळ मिळाला नाही."

मला लाज वाटली. खूप.

रविवार, १२ ऑक्टोबर.
सान्नाकडे सतरंजी घातली. टोक कुठे ठेवायचं यावर मायलेकींची चर्चा झाली. चपलांचं कपाट साठ सेंटिमीटर रुंद आहे. टोक त्याखाली पूर्ण झाकलं जातं. मोजून मीच सांगितलं.