कपाटातला गठ्ठा

१२ सप्टेंबर १९७७, हिंगोली

जूननंतर आज वही उघडतो आहे. माफ कर. घडत काही नव्हतं असं नाही. घडत होतं ते लिहायची लाज वाटत होती. त्रेचाळिसाव्या वर्षी बी.एस्सी.ला बाहेरून बसलोय, आणि नापास व्हायच्या आधीच दमलोय!

गणित जमतं, संख्याशास्त्रही. छळतो आहे तो संगणकाचा नवा पेपर. प्रात्यक्षिक असं — दहावीच्या वर्गाच्या गुणांची सरासरी काढायला यंत्राला सूचना लिहायच्या. औरंगाबादच्या केंद्रावर जाऊन प्रत्येक ओळीचं एक कार्ड भोकं पाडून करून घ्यायचं. तो गठ्ठा पार्सलनं मुंबईला पाठवायचा, कारण यंत्र तिथं. मग वाट पाहायची. ते यंत्र मी अजून डोळ्यानं पाहिलेलं नाही.

आज माझ्या पहिल्या गठ्ठ्याचं उत्तर आलं. महिन्यानं! 'संपलं' एवढंच सांगणारं शेवटचं कार्ड म्हणे गठ्ठ्यात नव्हतं. मीच विसरलो. सगळं वाचून झाल्यावर यंत्र तसंच थांबून राहिलं असेल, माझ्यासारखं.

बायको कमल म्हणाली, "सरासरी तर तुमी जेवता जेवता तोंडी काढता. मंग मुंबईला काहून पाठवून राहिले?"

मी उगाच चिडलो.

१५ सप्टेंबर

विद्यापीठाचं पत्रक आलं. बाहेरून बसणाऱ्यांची ही शेवटची तुकडी. प्रात्यक्षिकाचा छापील निकाल १५ नोव्हेंबरच्या आत पोचला नाही तर नाव रद्द. पुढल्या वर्षी सोय नाही. म्हणजे यंदा, नाहीतर कधीच नाही.

बी.ए. केलं ते लवकर नोकरी लागावी म्हणून. सायन्स राहिलं ते राहिलंच. आता पदवी मिळून पगार वाढणार नाही, वर्गही तेच राहणार. मग कशासाठी? हौस म्हणावं तर हौसेत इतका त्रास असतो का!

८ ऑक्टोबर

औरंगाबादहून परत. नवा गठ्ठा — शेवटच्या कार्डासकट!

घरी उंदीर, म्हणून शाळेतल्या माझ्या कपाटात ठेवला. कपाटांच्या किल्ल्या आमचे हेडक्लार्क माणिकराव सांभाळतात. त्यांना तीनदा बजावलं : पाणी लागता कामा नये, कार्ड वाकता कामा नये, क्रम मोडता कामा नये.

"लेकरावानी सांभाळतो, सर. पन एक सांगा, हे पत्ते खेळतं कोन?"

सगळी स्टाफरूम हसली. मलाही हसता आलं असतं.

१४ ऑक्टोबर

गठ्ठा अजून पाठवला नाही. मधल्या सुट्टीत एकेक कार्ड उजेडाला धरून तपासतो. काल एक भोक चुकलंसं वाटलं, नव्हतं चुकलं. माणिकराव म्हणाले, "टाका की पोस्टात! किती पाहता? पोरगी पाहून राहिले का?"

नागपूरहून आलो की एकदा शेवटचं पाहून पाठवीन. याला काळजी म्हणावं की भित्रेपणा?

१९ ऑक्टोबर

उद्या नागपूर. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं बऱ्याच वर्षांनी जमतंय. कमल दशम्या बांधते आहे.

शाळेत खंडेनवमीच्या पूजेची गडबड. टाइपरायटर, घंटा, ड्रिलच्या लाठ्या, सगळ्यांच्या कपाटांतली अवजारं, सगळ्यांना हळदकुंकू. ताट माणिकरावांच्या हातात. माझ्या कपाटापाशी आले की ते तसेच पुढे जातात. दरवर्षी. नोकरीला लागलो तेव्हा पाण्याचा माठही माझ्यापुरता वेगळा होता. तो नंतर गेला. ताटाचं तसंच राहिलं.

मला ती पूजा नकोच आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस मी. मग ताट पुढे जातं तेव्हा हातातलं काम थांबवून मी बघतो कशाला?

२४ ऑक्टोबर

संपलं सगळं!

कपाट उघडलं. गठ्ठ्यावर झेंडूचं फूल. फूल उचललं तर खाली कार्डावर कुंकवाचं बोट. दुसऱ्यावर हळद. तिसऱ्यावर दोन्ही. प्रत्येक — प्रत्येक! — कार्डावर. भोकं बुजलेली. कार्डं एकमेकांना चिकटलेली.

माणिकराव मागे उभे. तोंडभर हसू.

"एकालाबी सोडलं न्हाई, सर! एकेक पत्ता सुटा करून लावलं."

"पाणी लावू नका म्हटलं होतं ना?"

"पानी कुठं? तुपात कालवलं की! वाकवलं न्हाई, क्रम बी मोडला न्हाई. बराबर लावून ठेवलं."

खरंच क्रम मोडला नव्हता. वाकलंही नव्हतं एक. तूप मात्र आरपार उतरलं होतं.

मी ओरडलो. सगळ्या स्टाफसमोर. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? माझ्या वस्तूला हात लावायचा अधिकार कुणी दिला? मी हे मानत नाही हे ठाऊक नाही तुम्हाला?" आणखीही बोललो. माणिकरावांनी टोपी काढली, हातात धरली. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस.

मग म्हटलं, "किल्ली द्या." जुडग्यातून सुटेना. मी तशीच वाट पाहत उभा राहिलो.

२५ ऑक्टोबर

कमलला सगळं सांगितलं. आधी पोट धरून हसली. "तुपात! नशीब, निवद न्हाई दाखवला!" मग म्हणाली, "इतकं बोलायला नको होतं."

राग कार्डांचा होता की कुंकवाचा? कार्डांचाच. कार्डांचाच असावा.

३१ ऑक्टोबर

औरंगाबादला रांग. दिवाळीच्या तोंडावर केंद्रातली अर्धी माणसं रजेवर. कार्डं करणारी बाई तुपाचा गठ्ठा हुंगून म्हणाली, "साजूक आहे हो!" माझा चेहरा पाहून गठ्ठा बाजूला ठेवला. माझे सूचनांचे कागद पाहून सगळं पुन्हा करून दिलं. पार्सल तिथूनच टाकलं. आता पोस्ट, दिवाळी आणि यंत्र.

१५ नोव्हेंबर

काही नाही.

१९ नोव्हेंबर

आलं. छापील कागद, एकही चूक नाही. सरासरी तोंडी काढली होती तीच, दशांशासकट. माझ्या सूचना त्या यंत्राने पहिल्यापासून शेवटपर्यंत पाळल्या, आणि 'संपलं' म्हटल्यावर थांबलं.

चार दिवस उशीर. विद्यापीठाचं कार्ड कालच आलं होतं : नाव रद्द.

नागपूरला जायच्या आधी पाठवलं असतं तर? हे आज किती वेळा मनात आलं. गठ्ठा कपाटात मीच ठेवून घेतला होता, माणिकरावांनी नव्हे. तरी शाळेत त्यांच्याशी बोलत नाही. तेही समोर आले की खाली बघून जातात.

२१ नोव्हेंबर

आज हेडमास्तर किशनरावांनी खोलीत बोलावलं. नाव रद्द झाल्याचं कळलं होतं त्यांना. हळहळले. मग म्हणाले, "माणिकरावावर फार नका रागावू. पूजेच्या दिवशी भांडण झालं इथं. ते तुमचं कपाट उघडायला लागले तशी दोघं-तिघं म्हणाले, त्यांचं काहून? दरसाल सोडता तसं सोडा. तर ताट खाली ठेवून म्हणाले, 'दरसाल सोडलं तेच चुकलं. सरांचं अवजार अवजार न्हाई का? हे न्हाई तर कोनाचंच न्हाई.' मग एकेक पत्ता लावत बसले."

मला विचारलं मात्र नाही माणिकरावांनी. विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. आजही नाहीच म्हणेन.

उद्या : कपाटाची किल्ली माणिकरावांकडे परत देणे. सगळ्यांसमोर.