बुजवलेली भेग

१२ नोव्हेंबर
लग्नानंतर या घरात आलो तेव्हा हॉलची ही भिंत आम्ही दोघांनीच रंगवली. सुधीरच्या डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी, माझ्या हातात बादली. मध्येच थांबून जमिनीवर बसलो, चहात पाव बुडवून खाल्ला. त्याच्या कानाला चुना लागला होता. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तसाच ऑफिसला गेला.

आज त्याच भिंतीवरून भांडलो.

मेट्रोची नवी लाईन आमच्या गल्लीखालून जाणार. बोगद्याआधी घरं बघायला माणसं आली होती. भेग असेल तिथे काचेची छोटी पट्टी चिकटवतात. भिंत हलली की काच तडकते. मी नोएडाला लेकीकडे, मीराकडे होते. परत येऊन बघते तर आमच्याकडे एकही पट्टी नाही. इंजिनिअर म्हणाला म्हणे, "अंकल, आपका घर तो नया लगता है." सु. खूश. त्यांना चहा, वर शंकरपाळे.

छतापासून देव्हाऱ्यापर्यंत उतरलेली भेग सु.ने दिवाळीआधी व्हाइट सिमेंटने बुजवली, वर रंग मारला. दर वर्षी मारतो. पाहुणे येतात ना.
"मग सांगायचं नाही त्यांना?"
"घरी आलेल्या माणसाला काय भेगा दाखवायच्या, शालू?"

१५ नोव्हें.
शेजारच्या मिसेस आहुजांकडे भिंतभर पट्ट्या. बोगद्याचं मशीन खालून जाईल तेव्हा त्यांना मेट्रोकडून हॉटेल, घराला लोखंडी टेकू. "भाभीजी, हमने तो कैलेंडर भी उतार दिया था. दरार खुलके दिखनी चाहिए." हसल्या. मला हसू आलं नाही.
भिंत दोन्ही घरांची एकच. तिकडून आजारी, इकडून ठणठणीत.

२१ नोव्हें.
साइट ऑफिसला एकटी गेले. भेग आहे, फक्त दिसत नाही, असं सांगितलं. इंजिनिअरने मोबाईलवर फोटो दाखवला. पांढरीशुभ्र भिंत, शेजारी सु. हसत उभा. "मॅडम, दीवार अंकल ने खुद दिखाई. साइन भी है."
पुन्हा येऊन बघा म्हटलं. लिस्ट फायनल झाली म्हणे.
मग मी इंग्रजीत बोलले, सिस्टरनी शिकवलेल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "आंटी की इंग्लिश बढ़िया है."
आवाज चढवायचा नाही हे कॉन्व्हेंटने इतकं मुरवलंय की आता चढवू म्हटलं तरी चढत नाही. बाहेर पडताना मी थँक यू म्हणाले. कशाबद्दल?

२८ नोव्हें.
मेट्रो नको असं नाही. झाली तर मीराकडे जायला हे गाड्या बदलणं तरी वाचेल. राग त्याचा नाही. दोन मिनिटं भिंत बघायची, आणि त्यावर माझ्या घराचं...

लिहितानाच मीराचा फोन. "आई, भेग म्हणजे क्रॅक ना? किती मोठा? तुम्ही दोघं इकडे या यार, चार दिवसांचा तर प्रश्न आहे."
सु. म्हणाला, "घर ठीक आहे असं मी लिहून दिलंय. आता घर सोडून गेलो तर खोटं लिहिलं असं होईल."
सरकारी नोकरी संपली, सहीचा मान संपत नाही. संताप, संताप.

२ डिसेंबर
सु. फिरायला गेला. माझ्या आईचा क्रूस खिळ्यावरून काढून ठेवला, देव्हारा बाजूला केला आणि स्क्रू-ड्रायव्हरने सिमेंट खरवडलं. भेग जागच्या जागी. करंगळी आत गेली.
सु. आला. बघत राहिला. मग झाडू आणून खाली पडलेलं सगळं भरलं. म्हणाला, "रंग उरलाय थोडा."
"हात तर लावून बघ."
जुन्या फोटोफ्रेमच्या काचेची पट्टी कापून आणली. मीच चिकटवली. स्टूल सु.ने धरलं.

७ डिसें.
उद्या मशीन आमच्याखालून जाणार. आहुजा सूटकेसा घेऊन गेले. सु. मला म्हणतो, तू जा मीराकडे. स्वतः हलत नाही. मग मीही जात नाही. राग आहे तसाच आहे. पण याला इथे एकटं ठेवून नोएडात मला घास उतरणार नाही.

मीरा, लागलंच तर तुझ्यासाठी:
आईचा क्रूस आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, दोन्ही तुला. एकाच भिंतीवर ठेव, आजवर होते तसे.
लोखंडी तवा मिसेस आहुजांना. नाहीतरी तो त्यांच्याकडेच जास्त असतो.
माझी इंग्रजी पुस्तकं इथे मुनिरक्यात खोल्या करून राहणाऱ्या मुलामुलींपैकी कुणाला हवी असतील त्यांना.
काचेची पट्टी अख्खी राहिली तर बाबांना दे. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत बसतील, बसू दे.
तडकली तर इंजिनिअरच्या टेबलावर नेऊन ठेव. तू स्वतः जा. आणि निघताना थँक यू म्हणू नकोस.