मुंग्या न आलेली कणगी

माय, अकोल्याच्या धान्यगोदामात तू ज्वारी निवडायला जायचीस तेव्हा बाकीच्या बायका मूठ उघडून तुझ्यापुढे धरायच्या. दाण्याला गोल भोक आणि किड्याला सोंड असली तर तो सोंडा, दाणा आतून पोखरणारा. चपटा, तांबूस, पळणारा असला तर पिठातला. त्याला फुटकाच दाणा लागतो. दाणे धाग्यानं चिकटले असले तर पतंगाची अळी. जे डोळ्यांना दिसतच नाहीत त्यांच्यासाठी तू पिठाचा ढीग करून वरून गुळगुळीत करायचीस आणि भाकरी होईतो थांबायचीस. ढिगाला आपोआप भेगा पडल्या की म्हणायचीस, "पीठ चालून राह्यलं." मला तेव्हा या सगळ्याची लाज वाटायची. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आपल्याला दोन-तीन वर्षं झाली होती, मी मॅट्रिक झाले होते, हाती लागेल ते वाचत होते आणि बाजेवर उभी राहून वस्तीला सांगत होते की जुनं ते जाळा. देव्हारा तू स्वतःच्या हातानं काढलास, पण धान्यात घालायची राख आणि निंबाचा पाला सोडला नाहीस. मी त्यांनाही देव्हाऱ्यातच मोजलं.

हिवतापाची फवारणी करणारे आले तेव्हा बायका दार उघडेनात. माझ्या भाषणानं उघडलं. खूश होऊन एकानं उरलेली पावडर पुडीत बांधून दिली, भिंतीच्या फटींसाठी. धान्याला लावू नका, हे त्यानं दोनदा बजावलं. मला वाटलं, अडाण्यांना सांगतो तेच मलाही सांगतोय. तू गोदामात असताना मी ती आपल्या कणगीत कालवली. भिंतीतला किडा मरतो तर ज्वारीतला का नाही, इतकाच माझा विचार.

दहा-बारा दिवसांनी तू कणगी उघडतेस. सोंडे मेलेले, झाडून सगळे. तू हसत नाहीस. सांडलेली मूठभर ज्वारी भुईवर तशीच राहू देतेस आणि सकाळपासून दुपारपर्यंत तिच्याकडे बघत बसतेस.

"मुंगी काहून नाई आली व?"

मी म्हणते, तू घातलेल्या पाल्यानं. तू माझ्याकडे पाहतेस. निंबानं मुंगी थांबत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. मग म्हणतेस, "वर्साचे दाने हायेत, फेकू कसे? पहिले मी खाऊन पाह्यतो. पोरायले शेजारून भाकर आन." तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. ते सुचलं नाही असं नाही. पण ही पावडर माणसाला निर्धोक आहे असं मी पंधरवड्यापूर्वीच चारचौघांत ठणकावून सांगितलं होतं, आणि मला ते खरंच वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी तुझे हात थरथरू लागले, पिठाचा गोळा परातीत धरता येईना. संध्याकाळी झटके आले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? तुझी दातखीळ बसलेली, डोळे माझ्यावर. मी म्हणाले, विहिरीच्या पाण्यानं झालं असेल. त्यांनी त्याच वाटेनं उपचार केले. जाण्यापूर्वी थोडी शुद्ध आली तेव्हा तू एवढंच बोललीस, "कनगी पुरून टाक. ढोरायलेबी नोको देऊ."

मी पुरली. आणि मग त्या विहिरीवर बोलत सुटले. अकोला, बडनेरा, अमरावती. आमच्या वाट्याला ठेवलेल्या घाण पाण्यानं माझी माय नेली, असं म्हटलं की सभा उसळायची. वस्तीत नळ आला, माय. तो यायलाच हवा होता आणि त्यासाठी मी आजही भांडेन. पाणी घाणच होतं. पण तुला त्यानं मारलं नव्हतं.

धाकटी बहीण अजून पाणी उकळूनच पिते, नातवंडांनाही तसंच पाजते. परवा तिनं विचारलं, माय शेवटी काही बोलली होती का? मी नाही म्हटलं. हा कागद खरं तर तिच्यासाठी लिहायला घेतला होता. वर तुला हाक घातली, म्हणजे तिला द्यावा लागणार नाही.