आईच्या नावाची चिठ्ठी

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. आई-आप्पांना माझा नमस्कार सांग. वहिनीचा पाय बरा झाला का? माझी खोली चांगली आहे, हीटर चालतो. प्रयोगशाळेतल्या बाई कडक आहेत, पण शिकवतात मनापासून. फोनवर मी तोंड उघडलं की आई "हळू बोल, भिंतीला कान असतात" म्हणते, म्हणून लिहितेय. या कागदाचा फोटो तुला पाठवते.

औषधांचं अजून जमलेलं नाही. आपल्याकडे कोपऱ्यावरचा औषधवाला तुझं तोंड बघूनच गोळ्या काढून द्यायचा. इथे परदेशात औषधवाला म्हणाला, इथल्याच डॉक्टरांची चिठ्ठी आणा. डॉक्टरांची वेळ मिळायला अठरा दिवस गेले. मी आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी ऐटीत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा वर केला.

"यात पेशंटचं वय त्रेपन्न आहे."

"ती माझी आई."

"मग आईची औषधं तुम्ही का घेता?"

काय सांगणार? मुलीच्या नावाला हा आजार चिकटायला नको, उद्या तिचं लग्न व्हायचंय, म्हणून नऊ वर्षं केसपेपर आईच्या नावाने निघतो? घरातली पहिली पदवीधर मी, आणि एक खरं वाक्य बोलता आलं नाही. त्यांनी चिठ्ठी परत दिली, म्हणाले, तुमच्या नावाचे कागद आणा, नाहीतर तज्ज्ञांकडे जानेवारीत नंबर लागेल.

दादा, रागाने डोकं फुटायची वेळ आलीय. त्यांचा राग, आईचा राग, सगळ्यात जास्त माझाच.

गोळ्या पुरवायच्या म्हणून दोन आठवडे मी रोज दोनऐवजी एकच घेत होते. परवा प्रयोगशाळेत फिट आली. शुद्धीवर आले तेव्हा बाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. "उपाशी होते," मी बेधडक सांगून टाकलं. शोभते ना आईची लेक?

सहा गोळ्या उरल्यात. आजपासून पूर्ण घेतेय, म्हणजे तीन दिवस.

उद्या सकाळी बाईंना खरं सांगणार आणि त्यांना घेऊन डॉक्टरांकडे पुन्हा जाणार. तू आजच आपल्या डॉक्टरांकडे जा. ते कुरकुरतील. कुरकुरू देत. कोणती गोळी, किती, केव्हापासून, सगळं माझ्या नावाने लिहून घे आणि लगेच पाठव. आई रडेल. म्हणेल, एकदा लिहिलेलं पुसता येत नाही. तिला सांग, मला तेच हवंय.

तुझी धाकटी बहीण,
वय तेवीस, मिरगीची पेशंट