आईची सही फक्त याच कागदावर

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय सत्तावीस, धंद्याने सोफा-कारागीर, शिक्षण नववीपर्यंत, राहणार आईच्या मालकीच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीला घातलेले नाही की धमकावलेले नाही. याआधी मी असा कागद केलेला नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही.

लिहिण्याचे कारण असे की बुधवारी माझ्या मणक्याचे ऑपरेशन आहे. सोफे उचलून उचलून चकती सरकली आहे. दवाखान्याने ज्या संमतीपत्रावर सही घेतली त्यात "जिवास धोका" असे शब्द आहेत. डॉक्टर म्हणाले, ते सगळ्यांच्याच कागदावर असतात. असतील. पण एकदा वाचल्यावर मला न वाचल्यासारखे करता येत नाही.

काल बायकोने टेबलावर "मृत्युपत्र" हा शब्द पाहिला आणि हातातली भांडी तशीच टाकून समोर येऊन उभी राहिली. "कर्जापायी काही वेडंवाकडं आलंय का डोक्यात? खरं सांगा मला." तिला तोंडी सांगितले तेच इथे लिहितो : नाही. मला जगायचे आहे. निदान हप्ते फिटेपर्यंत तरी, असे मी पुढे म्हणालो. ती हसली नाही.

कलम १. देणे.

वाटण्याआधी देणे सांगितले पाहिजे. माझ्यावर दोन क्रेडिट कार्डांचे कर्ज आहे. आकडा लिहीत नाही, कारण तो रोज वाढतो आणि हा कागद उघडेपर्यंत खोटा ठरेल. बँकेच्या शेवटच्या पत्रात असेल तो खरा धरावा.

पहिले कार्ड मला दुकानाबाहेर टेबल टाकून बसलेल्या एका पोऱ्याने दिले. बरोबर एक बॅग फुकट. वर्षभराने फोनवर निरोप आला, "अभिनंदन, तुमची मर्यादा वाढली आहे." कारखान्याच्या मालकांनी इतक्या वर्षांत माझा पगार जेवढा वाढवला नाही तेवढी मर्यादा बँकेने न मागता वाढवली. मला ती पगारवाढच वाटली. कोणीतरी माझी किंमत ओळखली असे वाटले. मी त्या दिवशी बायकोला नवा फोन घेतला.

बिलावर "किमान देय रक्कम" असे छापलेले असते. मी ती दर महिन्याला तारखेच्या आत भरत आलो, एकदाही चुकलो नाही, आणि हप्ता भरतोय या समजुतीत राहिलो. ते नुसते व्याज होते. मूळ कर्ज जागचे हलले नव्हते. बारीक अक्षरातला मजकूर मी नंतर वाचला. घेताना फक्त कार्डावरचे चित्र पाहिले होते.

मग पहिल्याचे भरायला दुसरे घेतले. आमच्या कामात एक खोड असते : जुने कापड न काढता त्यावरच नवे चढवायचे. वेळ वाचतो, सोफा नवा दिसतो. मालक त्यावरून पोरांना फाडून खातात. "आतली घाण आतच राहते रे. वास गिऱ्हाइकाला येतो, तुला नाही." सोफ्याच्या बाबतीत मी हे कधी केले नाही.

कलम २. बायकोकडचे कार्ड.

बायकोच्या नावाचे जे कार्ड आहे ते माझ्याच कार्डाची पुरवणी आहे. मुख्य कार्डधारक मी, जबाबदारी माझी, असे बँकेच्या अटींत लिहिले आहे. ते पान मी खूण करून ठेवले आहे. तिने त्यावर किराणा, औषधे आणि मुलीचे शाळेचे बूट याशिवाय काही घेतले नाही. दर वेळी विचारायची, "एवढे पैसे आहेत का आपल्याकडे?" मी म्हणायचो, "ओव्हरटाइम आहे." ओव्हरटाइम होता, पण तेवढा नव्हता. तिला कोणी उधळी म्हणू नये. म्हणणाऱ्याला हे कलम वाचून दाखवावे.

कलम ३. पुढच्या खोलीतला सोफा.

हा विकावा आणि येतील ते पैसे बँकेला द्यावेत. दारातून बाहेर काढताना आधी पाय काढावेत, मग कोपऱ्याचा भाग वेगळा करावा (खाली दोन मोठे स्क्रू आहेत), आणि उभा करून तिरका न्यावा. कोणीही एकट्याने उचलू नये. माझ्याकडे बघावे.

आता जे लिहितो ते फक्त बायकोला माहीत आहे. हा सोफा मी बनवलेला नाही. विकत आणला आहे.

त्याचे असे झाले. थोरला भाऊ आमच्याकडे आला होता. आमच्याकडे तेव्हा दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. वहिनींना एक दिली, दुसरी आईला, आणि दादा पलंगाच्या कडेवर टेकून म्हणाला, "अरे, जगाला मऊ बसवतोस आणि घरच्यांना लाकडावर? कसला रे तू कारागीर?" सगळे हसले. मीही हसलो. पण ते मला जे लागले ते लागले.

मी घरी बनवू शकलो असतो. पण दिवसभर ज्याच्याशी झटापट करायची ते संध्याकाळी घरात डोळ्यांसमोर नको होते. मला शोरूममधला, काचेमागचा, खालून दिवा लागणारा हवा होता. कार्डावर घेतला. घरी आल्यावर खालचे काळे कापड उसवले, कंपनीची पट्टी काढली, कापड पुन्हा ठोकले, आणि सगळ्यांना सांगितले की मी केला.

दादा येऊन बसला. हात फिरवला. मग म्हणाला, "मानलं तुला. असाच एक मला कर. घरच्या माणसाला मजुरी लावू नकोस, सामानाचे काय ते घे."

तेव्हा तोंड उघडले असते तर अर्ध्याहून जास्त देणे झालेच नसते. मी म्हणालो, "महिनाभर थांब." आणि दुसऱ्या कार्डावर तसाच दुसरा सोफा घेतला, त्याचीही पट्टी काढली, आणि दादाकडून सामानाचे म्हणून जेमतेम चौथा हिस्सा घेतला. वहिनी शेजाऱ्यांना सांगतात, आमच्या भावजींच्या हाताला तोड नाही.

कलम ४. थोरला भाऊ.

थोरल्या भावाला मी त्याच्या घरातल्या सोफ्याचे गॅरंटी कार्ड आणि दुकानाची पावती देतो. पाच वर्षांची गॅरंटी आहे. आतला फोम हलका आहे, मी उघडून पाहिला आहे. मधली बैठक लवकरच बसेल. तेव्हा दुकानात जावे, माझ्या नावाने खडे फोडू नयेत. उरलेले पैसे मी त्याच्याकडे मागत नाही. आईकडे कोणी वसुलीला आले तर त्याने फक्त येऊन आमच्या सोफ्यावर बसावे आणि आईला एकटे सोडू नये, एवढेच त्याच्याकडचे माझे येणे मी धरतो. त्याच्या सोफ्याखालचे काळे कापड मात्र मी ठोकले आहे. ते निघणार नाही.

कलम ५. हत्यारे.

स्टेपलची बंदूक, चुंबकाची हातोडी, मोठ्या सुया, पट्टा ताणायचे हत्यार आणि कापडाची कात्री ही माझ्या पैशांची आहेत. कारखान्यातल्या बाकीच्या वस्तू कारखान्याच्या. हत्यारे बायकोने विकावीत, घाई करू नये. खिळा टोकाला धरून ठेवणारी ती हातोडी मालक मागतील. त्यांचा त्या हातोडीवर जुना डोळा आहे. पण मालक या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, त्यामुळे त्यांना ती मिळणार नाही. हवी तर विकत घ्यावी, पूर्ण किमतीला.

मालकांनी मला हातात कला दिली, हे मी विसरलेलो नाही. पण तयार सोफ्यावर मी एकदाही बसलो नाही, हेही विसरलेलो नाही. टेकलो की आवाज यायचा, "ऊठ, गिऱ्हाइकाचा माल आहे." बरोबरच होते त्यांचे. तरी लिहून ठेवतो.

कलम ६. जे माझे नाही.

शिलाई मशीन बायकोचे आहे. तिने लग्नाआधी स्वतःच्या कमाईतून घेतले. ते माझ्या मालमत्तेत धरू नये आणि कोणी उचलून नेऊ लागला तर पावती दाखवावी. देणे भागून काही उरलेच, तर ते सगळे बायकोचे. हा कागद अमलात आणण्याचे कामही तिनेच करावे, कारण माझ्यापेक्षा तिला "कशाला?" असे चांगले विचारता येते. मुलीला सांगावे की बापाला कामाची लाज नव्हती, घरात बसायला काय आहे याची होती. मोठी झाल्यावर सांगावे.

कलम ७. आई आणि दोन खोल्या.

सगळे या कलमासाठी लिहिले आहे.

या दोन खोल्या आईच्या आहेत, वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून घेतलेल्या. माझा त्यांच्यावर काही हक्क नाही आणि माझ्या कर्जाचाही नाही. मागच्या गुरुवारी वसुलीचा माणूस घरी आला. आवाज चढवला नाही. सोफ्यावर बसला, आईला मावशी म्हणाला. "मावशी, मुलाचं ऑपरेशन, त्यात हे टेन्शन. तुम्ही नुसती इथे सही करा, आम्ही व्याज कमी करून घेतो." मी कामावरून आलो तेव्हा आईचा चष्मा डोळ्यांवर आणि पेन हातात होते. तो हमीचा कागद होता. सही झाली असती तर माझे कर्ज या दोन खोल्यांवर आले असते.

मी कागद परत केला. तो म्हणाला, "काही घाई नाही, पुढच्या गुरुवारी येतो." आई नंतर म्हणाली, "पाणीसुद्धा मागून प्यायला रे. माणूस बरा दिसतो."

येत्या गुरुवारी, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, मी दवाखान्यात असेन, किंवा नसेन. बायको माझ्यापाशी असेल. घरी आई असेल आणि तो बरा दिसणारा माणूस.

कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने पैसे घेऊन सांगितले की कर्ज माझ्या वस्तूंतून वसूल होते, ज्याने हमी दिली नाही त्याच्या घरातून नाही. बायकोने हे वकिलाकडून पक्के करून घ्यावे. टायपिस्टने असेही सांगितले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. त्यावरून मला सुचले. मी आईला काही देत नाही. एक सुईदेखील नाही. आणि तिलाच साक्षीदार करतो, म्हणजे "मुलाचं घेतलं, आता मुलाचं फेडा" असे तिला कोणी म्हणू शकणार नाही.

हे वाचून दाखवले तेव्हा आईचा चेहरा उतरला. "म्हणजे मी कोणीच नाही का तुझी?"

"आहेस, म्हणूनच."

"अरे पण एका सहीने तुझा घोर मिटत असेल तर काय बिघडलं? मला काय करायच्यात खोल्या?"

"मग राहशील कुठे?"

"तू नसलास तर कुठेही सारखंच."

मी पेन पुढे केले. तिने आधी कागद स्वतः वाचायला मागितला.

म्हणून आईस शेवटचे सांगणे, कायदेशीर नसले तरी : तुला सही करायचीच असेल तर या कागदावर कर. दुसऱ्या कुठल्याही नको. वाईट दिसेल म्हणून नाही, समोरचा गोड बोलला म्हणून नाही, माझ्यासाठी तर मुळीच नाही.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. खाडाखोड नाही. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करीत आहे.

ठिकाण : राहते घर, पुढची खोली.
दिवस : सोमवार, ऑपरेशनच्या आधीचा.

(सही) मृत्युपत्र करणारा, सोफा-कारागीर

साक्षीदार पहिला : (सही) कारखान्याचा मालक. सही करताना हा शुद्धीवर होता. हातोडीची किंमत जास्त सांगतो आहे.

साक्षीदार दुसरी : (सही) आई. मी सगळे वाचून सही केली. त्या माणसाच्या कागदावर करणार नाही, असे कबूल केले आहे. पण समोर बसलेल्या माणसाला नाही म्हणायला मला जमत नाही, तुलाही कधी जमले नाही. तेव्हा गुरुवारी तो आला की तू दवाखान्यातून फोन कर आणि त्याच्याशी तूच बोल. मी फोन त्याच्या कानाला लावून धरीन. चार्जर न्यायला विसरू नको.