सरकारला घाई झाली तेव्हा

अण्णा, तुम्हाला लिहायचं म्हणून मी कितीदा बसलो आणि कितीदा उठलो. तुम्ही होता तेव्हा बापाला पत्र लिहायची वेळच आली नाही आणि तुम्ही गेल्यावर माझा पाय कुठं ठरला नाही. आत्ताही भुकूमला ताईच्या वर्कशॉपात बसलोय, शेजारी ग्राइंडरच्या ठिणग्या उडतायत आणि मघापासून मी त्याच बघतोय. पण परवाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तुमच्यामागं गेट-ग्रिलचं काम ताईनं चालवलं. यंदा तिला कामं नव्हती, आणि मी कोकणातून आलो तर ती नाचायची तेवढी बाकी. तिला ईमेल आलेलं. ईमेल म्हणजे कॉम्प्युटरवरचं पत्र, तुमच्या वेळेला हितं नव्हतं. त्यात लिहिलेलं, कासारसाईच्या धरणाजवळ सरकारी कचेरी होतेय, तिची सगळी गेटं, जाळ्या तुम्हालाच; फक्त अनामत रक्कम आज संध्याकाळपर्यंत भरा. त्यासाठी ताई वेल्डिंगचं मशिन गहाण टाकायला निघालेली. मशिन गेलं की वर्कशॉपला कुलूपच. तिनं छापून आणलेला कागद दाखवला. वर सिंहांचा शिक्का, खाली झोकदार सही.

"ताई, सायबाचा ईमेलचा पत्ता माझ्यासारखाच फुकटातला हाय. मी गोव्यात चहा गार व्हायच्या आत काढला होता."

"तुला काय कळतंय टेंडरातलं? दहावीला तरी बसलास का?"

"आन् पैसे सरकारी खात्याच्या नावानं न्हाई, कुणा माणसाच्या नावानं मागितल्यात."

"मी इचारलं की सायबाला. लगीच उत्तर आलं, 'आदरणीय भगिनी' म्हणून."

तेव्हा मला तुम्ही आठवलात. पौडला कचेरीच्या बाकावर बसलाय, शाळेच्या जाळ्यांचं बिल निघायची वाट बघताय. शिपाई सांगतोय, साहेब जेवायला गेलेत, आणि तुम्ही मजेत म्हणताय, "जेवू द्या निवांत. सरकारला कवा घाई आसती व्हय?" मी ते तुमच्या आवाजात म्हणून दाखवलं. ताई हसली, पण हट्ट सोडेना. मग आठवलं, जागेवर जाऊन भाकरी खाल्ल्याशिवाय तुम्ही टेंडरात भाव लिहीत नव्हता. एकदा मला नेलंत, मी सुगरणीचे खोपे बघत बसलो, तर म्हणालात, "खोपं काय बघतुयास, टेम्पो कुटवर येतुया त्ये बघ."

"मशिन दुपारनं गहाण टाक," मी म्हणालो. "आधी अण्णांगत जागेवर जेवू."

ताईनं डबा भरायला घेतला.

नांदे गावावरून गेलो. मध्ये मी उसाच्या रसाला थांबलो, त्यापायी ताईच्या शिव्या खाल्ल्या. कागदातल्या गट नंबरावर वांग्याचं रान निघालं. एक मावशी वांगी तोडत होती.

"मावशे, हितं सरकारी हापिस कुटं होतंय?" ताईनं विचारलं.

"हापिस? माझ्या वांग्यात?" मावशीनं कंबरेवर हात ठेवला. "सासऱ्यापासनं आमचं रान हाय. इकलं आसतं तर मला न्हाई का कळायचं?"

ताई मटकन बांधावर बसली. वाटलं, आता रडणार. पण आधी नाकातून, मग पोट धरून हसायला लागली. मावशीही हसत होती, कशाला ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिघांनी तिथंच भाकरी खाल्ली. तेव्हापासून ताई सगळ्या गेटवाल्यांना फोन करकरून बजावतेय: पेपरात जाहिरात बघा, कचेरीत जाऊन विचारा, मगच पैशाला हात लावा.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं, मला माहीत नाही. ते हितंच राहील. आणि खरं सांगू का अण्णा, या खेपेला पुढं कुठं जावं असं मला वाटतच नाहीये.

थांबा, दारात कोण आलंय बघतो. नांद्याचा गेटवाला. आपली गिऱ्हाइकं फोडली म्हणून ताईनं याच्याशी बोलणं टाकलंय, त्यालाही वर्षं झाली. फोनसुद्धा एकट्या त्यालाच केला नव्हता. आत यावं की नाही, या विचारात उभाय. हातात कागद, वर तेच सिंह.

"बाई, ह्ये जरा बघता का?"

ताईनं ग्राइंडर बंद केला, खुर्ची पुढं सरकवली.

"बसा भाऊ. कवापर्यंत भरायचंय?"

"आज सांजच्याला."

ताई तोंडाला पदर लावून हसतेय.