मामांचा ओठ आणि दगडाची राणी

तिकुल, युकातान, मेक्सिको
मंगळवार

ती. गुमेर्सिंदो मामांस एलेउतेरियोचा साष्टांग नमस्कार (आणि हे पत्र मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या कासिमिरा मामीलाही),

गुडघा कसा आहे? टर्की अंड्यांवर बसली का? तीन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या माणसाने हे पत्रातून विचारावं, हे हास्यास्पदच. पण प्रदर्शन झाल्यापासून मी दिसलो की तुम्ही आतून कडी घालता, मग भाच्याने करावं काय?

मुळात दोष तुमचाच. राजधानीत बारा वर्षं मी गुळगुळीत, गोल दगड घडवले. लोक त्यांना 'मौन' वगैरे म्हणत, विकत मात्र कुणी घेत नसे. तुम्ही एकदाच आलात, सगळे पाहिलेत आणि एवढंच विचारलंत, "कुठल्या कोंबडीची रे?" महिन्याभरात मी गाशा गुंडाळून गावी परतलो. उश्मालच्या जुन्या देवळांपाशी तीन महिने वही घेऊन बसलो. (पहारेकऱ्याला वाटलं, दगड चोरायचा बेत आहे.) आपल्या माया पूर्वजांना मोकळी जागा बघवतच नसे: चेहऱ्यावर मुकुट, मुकुटावर पिसं, पिसांत साप, सापाच्या जबड्यात आणखी एक चेहरा! मीही तसाच भरत सुटलो. सिंहासनावरची राणी झाली, पण तोंड काही जमेना. जुन्यांची नक्कल केली की ते मेलेलंच दिसे. अशात एका दुपारी तुम्ही टांगलेल्या झोळीत पाय सोडून, खालचा ओठ लोंबवून उन्हाला शिव्या देत होतात. तो ओठ मी उचलला. विचारायला हवं होतं, कबूल.

मेरिदाच्या प्रदर्शनात ओब्दुलियाबाई, पुरातत्त्वातल्या मोठ्या पंडित, त्या ओठावर अर्धा तास बोलल्या. हजार वर्षांची परंपरा म्हणे! तेवढ्यात मामी, हातात मक्याच्या तामालेची बशी घेऊन, भर सभेत म्हणाली, "अगं बाई, हे तर आमच्या ह्यांचं तोंड! आणि अंगात झगा कुणाचा?" (मामी, इथे अडखळू नकोस, वाच.) सभा हसून लोळली. मला वाटलं, संपलं सगळं. पण बाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, "हे गृहस्थ करतात काय?"

"पाटे-वरवंटे घडवतात. ह्या मेल्याला छिन्नी धरायला त्यांनीच शिकवलं."

"मग परंपरेचं मी चुकीचं नाही बोलले," बाई म्हणाल्या. आणि संग्रहालयाने मूर्ती घेतली.

गाव तुम्हाला 'राणीसाहेब' म्हणतं त्यात माझा हात नाही. (न्हाव्याचा आहे.) तरीही चुकलो, पदरात घ्या.

तुमचाच
एलेउतेरियो

ता. क. : शनिवारी मूर्ती न्यायला गाडी येतेय. जुने शिल्पकार दगडावर आपली नावं कोरत, कधी दोघं-तिघं मिळून. मी माझं कोरलंय, शेजारी जागा सोडलीय. अक्षर येत नाही म्हणून अडू नका. प्रत्येक पाट्याच्या तळाला तुम्ही जे तीन टोचे मारता, तेवढेच मारा. मी दुसऱ्या दगडावर मारून पाहिले, खोटे दिसतात. शुक्रवारपर्यंत याच.

ता. क. २ : येताना तुमची बारीक छिन्नी शोधत बसू नका. मी राजधानीला निघालो तेव्हा ती विहिरीत पडली नव्हती.